आबाजी मास्तरांचे न बोलणे

कार्तिकातल्या एका सोमवारी पाढे म्हणताना आबाजी मास्तरांचा आवाज गेला. एकोणतिसाचा पाढा चालू होता. "एकोणतीस साते" म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडले आणि पुढे काही आले नाही. आम्ही नऊ जण थांबलो. ते पाणी प्याले, पुन्हा तोंड उघडले, मग हाताने आम्हाला घरी जायला सांगितले.

हा वर्ग अकोल्यात होता. वऱ्हाडातल्या खेड्यांत सरकारी शाळा काढायच्या होत्या आणि त्यांना शिक्षक हवे होते, म्हणून निरनिराळ्या गावांतून वीस-बावीस वर्षांचे आम्ही नऊ जण निवडून तिथे आणले होते. वर्षभर शिकायचे, वैशाखात परीक्षा द्यायची, पास झालो की एकेकाने एकेका गावी जाऊन शाळा चालवायची. मी अमरावतीचा. माझे वडील परकोटाच्या आत पोथ्या नकलून देत. त्यामुळे माझे अक्षर बरे होते आणि पाठांतर अक्षराहूनही बरे होते.

वर्ग एका वखारीच्या पुढच्या भागात भरे. तिकडे दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या जमिनीतला कापूस हवासा झाला होता. मोर्णा नदीच्या उतारापासून बाजारापर्यंत गाड्यांची रांग लागे. शहरात रिकामी म्हणून एक कोठडी मिळेना. वखारवाल्याने सरकारच्या शब्दाखातर पुढचा भाग आम्हाला दिला होता. मागचा भाग आढ्यापर्यंत कापसाच्या बोज्यांनी भरलेला असे, आणि अंगणात दिवसभर माणसे सरकी काढत बसलेली असत. कापसाचे तंतू हवेत तरंगत. पाटीवर, पापण्यांवर, भाकरीवर येऊन बसत. वैद्य म्हणाला की मास्तरांचा गळा त्या तंतूंनी आणि ओरडण्याने गेला. तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. पुढे आवाज येईल किंवा येणार नाही.

ओरडणे खरेच होते. आमच्या वेळेपर्यंत शिकवणे म्हणजे मोठ्याने सांगणे आणि शिकणे म्हणजे ते त्याहून मोठ्याने परत म्हणणे, असेच सगळे समजत. मास्तरांचा आवाज नदीच्या पलीकडे त्यांच्या मळ्यात ऐकू जाई. त्यांच्या पत्नीला आम्ही काकी म्हणत असू. त्या सांगत, "तिकून तिशीचे पाढे सुरू झाले का मी भाकरी थापाले बसतो. घड्याळ कायले पायजे?"

मास्तर जातीने माळी. वांगी, मेथी, अंबाडी पिकवून बाजारात विकणाऱ्यांचे घर. त्यांचे एक मामा महानुभाव होऊन रिद्धपूरला राहिले होते. लहानपणी त्यांच्यापाशी राहून मास्तरांनी अक्षर गिरवले. पुढे पंधरा वर्षे मळ्यातच आसपासच्या मुलांना पाढे सांगितले. सरकारला शिक्षक मिळत नव्हते तेव्हा कोणी तरी यांचे अक्षर पाहिले, कोणी तरी आवाज ऐकला, आणि पंचेचाळिशीच्या या माणसाला पहिला शिक्षक नेमले. ते सकाळी मोट हाकून सरळ वर्गावर येत. धोतर गुडघ्यापर्यंत, पायांना चिखल. पागोटे मात्र वखारीच्या खुंटीला ठेवलेले असे. उंबऱ्यात उभे राहून ते डोक्यावर घालत आणि मग आत पाऊल टाकत. पाटी ते उजव्या मनगटाने पुसत, म्हणून त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत कायम पांढरा. वर्गात सरकारने दिलेली एक खुर्ची होती. तिच्यावर ते कधी बसले नाहीत. तिच्यावर हजेरीचे पुस्तक ठेवत. "सरकारची खुर्ची हाय," म्हणत, "सरकार आलं का बशीन."

आवाज गेल्याचे अमरावतीच्या कचेरीला कळवावे लागले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. ते वर्गासमोर वाचून दाखवायला मास्तरांनी माझ्या हातात दिले. वैशाखातल्या परीक्षेपर्यंत आबाजींना कामावर ठेवावे. परीक्षेच्या दिवशी त्यांनी तपासनिसांसमोर एक पाठ देऊन दाखवावा. तोवर वाचा आली नसल्यास दुसरा शिक्षक नेमण्यात येईल. मी वाचत असताना ते उभे होते. वाचून झाल्यावर त्यांनी कागद घडी करून पागोट्यात खोचला आणि पाटी पुसली.

पहिले काही दिवस वर्ग मी चालवला. मास्तर जे जे सांगत ते सगळे मी एका वहीत उतरून घेतले होते. वही दोन बोटे जाड झाली होती, आणि ती मला पाठ होती. मास्तरांच्या जागी उभा राहून मी सांगे, बाकीचे आठ जण म्हणत. मास्तर भिंतीला टेकून ऐकत. मला वाटे, आपल्यामुळे वर्ग तरला.

दर्यापूरकडचा दौलत नावाचा कुणब्याचा मुलगा आमच्यात होता. अंगाने आडवा, बोलायला फटकळ. तो एकदा म्हणाला, "वामन्या, तू मास्तरच होऊन राहिला बे. आता येकडाव त्याईच्यासारखा खोकून बी दाखव." आम्ही हसलो. तो काय बोलून गेला हे त्याला तरी कुठे ठाऊक होते.

शिकवण्याचा सराव व्हावा म्हणून गल्लीतली वीसेक मुले दुपारी वखारीत येत आणि आम्ही त्यांना आळीपाळीने शिकवत असू. एका दुपारी माझी पाळी होती. एकोणतिसाचा पाढा घेत होतो. मुले खड्या आवाजात म्हणत होती. साहे संपले, साते आले, आणि मी थांबून घसा खाकरला. माझ्यामागून वीस मुलांनी घसा खाकरला. मग सगळे मिळून "साते दोनशे तीन" म्हणून पुढे निघालो.

मास्तर भिंतीपासून हलले. हाताने त्यांनी पाढा थांबवला आणि पुन्हा सुरू करायची खूण केली. पुन्हा साते आले, पुन्हा वीस गळे खाकरले. त्यांनी पाटीवर लिहून एका मुलापुढे धरले: साताच्या आधी काहून थांबता?

"तथी थांबाच लागते," मुलगा म्हणाला.

मास्तरांनी लिहिले: कोनं सांगतलं?

"कोनं सांगाले कायले पायजे? पाढा तसाच हाय."

मास्तर हसू लागले. आवाज नसल्याने ते हसणे नुसते खांद्यांतून दिसत होते. हसता हसता ते खाली बसले. एकोणतिसाच्या पाढ्यात साताशी आले की घसा खाकरायची त्यांची सवय होती, आजाराच्या आधी कितीतरी वर्षांपासूनची. आम्ही नऊ जणांनी ती पाढ्याबरोबर उचलली आणि आता ती गल्लीतल्या मुलांपर्यंत गेली होती. उद्या नऊ गावांत गेली असती. हसणे ओसरल्यावर त्यांनी पाटी माझ्यापुढे धरली. एकोणतीस साते दोनशे तीनच काहून? मला दोनशे तीन येत होते. का, ते येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझी वही मागून घेतली, घरी नेली आणि पेटीत ठेवून कुलूप लावले.

त्यानंतरचा वर्ग मला सुरुवातीला सोसला नाही. कोणी शंका घेऊन गेला की मास्तर तीन बोटे वर करत. आधी तिघांना विचार, मग माझ्याकडे ये, असा त्याचा अर्थ. तिघांना विचारेपर्यंत चौथा कोणी तरी भांडायला येई, आणि भांडणात उत्तर निघून जाई. मास्तरांपर्यंत क्वचितच काही पोहोचे. ही बोटे त्यांच्या इतकी अंगवळणी पडली की पानवाल्याकडे काही न मागता उभे असले तरी तो तीन विडे बांधून देऊ लागला. काकी म्हणत, "घरी बी तेच. मीठ कमी हाय का म्हणून इचारलं का तीन बोटं. घरात दोनच मानसं, तिसरं कुठून आनू?"

पौषात एके सकाळी मास्तर मळ्यातून मोटेचा नाडा खांद्यावर घालून आले. विहिरीतून मोट ओढायचा जाड दोर तो; त्यावर त्यांनी हाता-हाताच्या अंतराने गाठी मारल्या होत्या. वखारीचा मागचा भाग त्या आठवड्यात रिकामा होता. जुना माल रवाना झाला होता आणि नवा यायचा होता. पाटीवर त्यांनी लिहिले: या वखारीत किती बोजे मावतीन? नाडा दौलतच्या हातात दिला आणि स्वतः अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसले.

दौलतने तिघांना घेऊन लगेच मोजायला सुरुवात केली. मी अर्धा दिवस वहीतला तसला एखादा हिशेब आठवण्यात घालवला. आठवला नाही. भाकरी खाऊन झाल्यावर मीही चौघांना घेऊन मोजले. दौलतची भिंत बेचाळीस हात भरली, माझी चाळीस.

"पोथीवाल्या, तुले मोजता येत नाई," दौलत म्हणाला.

"तुला गाठी मोजता येत नाहीत."

"अबे, जनमभर वावर मोजून राहिलो मी!"

दोघेही मास्तरांकडे गेलो. तीन बोटे. बाकीचे सात जण तर आधीच दोन्हीकडे वाटले गेले होते. शेवटी ठरले की उद्या सगळ्यांनी मिळून मोजायचे. सकाळी मोजले, बेचाळीस भरले. दौलत मिशीवर हात फिरवू लागला. कोणाला तरी राहवले नाही म्हणून दुपारी पुन्हा मोजले. चाळीस. माणसे तीच, भिंत तीच, नाडाही तोच. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. अंगणात सरकी काढणारेही काम टाकून आमच्याकडे पाहू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर नाडा घेऊन आले तेव्हा दौलतने तो त्यांच्या खांद्यावरून उतरवून घेतला आणि गालाला लावला. "थंडा हाय," म्हणाला. मग दोरावर हात घासून, "ओला हाय. आताच मोटेचा सुटून येते ना हा!" दुपारी नाडा वाळल्यावर तो घेऊन तो नदीकडे पळाला. आम्ही मागोमाग. भिजवण्याआधी आणि भिजवल्यानंतर त्याने दगडावर रेघा मारून गाठी ताडून पाहिल्या आणि असा ओरडला की धोबिणी कपडे आपटायच्या थांबल्या. "आखडते! बाप्पा, ओला झाला का आखडते!"

मास्तर निंबाखालून उठले. दौलतच्या पाठीत त्यांनी एक थाप दिली. त्यांच्या पांढऱ्या हाताचा ठसा त्याच्या बंडीवर उमटला. ती बंडी दौलतने चार दिवस धुतली नाही.

बोज्यांचा अंदाज आम्ही तीनशे दहाचा काढला. माल आला तेव्हा दारात बसून मोजले तर दोनशे शहाण्णव. मास्तरांनी लिहिले: चौदा कुठं गेले? ते शोधायला आम्ही हमालांच्या मागे आत शिरलो, तेव्हा कळले की त्यांना पाठीवर बोजा घेऊन वळायला वाट ठेवावी लागते. वाटेचा हिशेब कुठल्याही वहीत नव्हता.

असे दिवस जात होते. आम्हाला गोडी लागली होती. पण वैशाख जवळ येत होता आणि मास्तर मुकेच होते. त्यांच्यानंतर कोण येणार यावर आम्ही कुजबुजत असू. मळ्यावर दोघांचे भागले असते, पण त्यांना वर्ग किती प्रिय होता ते आम्हाला दिसत होते. रोज ते आमच्या आधी येत आणि आमच्यानंतर जात.

फाल्गुनात एकदा नाडा माझ्याकडे राहिला. मोटेला लागेल म्हणून दिवस उगवतानाच मी तो घेऊन मळ्यात गेलो. केळीच्या आडून मोटेचा आवाज येत होता, आणि बैलांना कोणी तरी गात गात मागे बोलावत होते. मला वाटले, गडी ठेवला. पुढे गेलो. धावेवर, मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, मास्तर होते. आवाज किंचित घोगरा झाला होता, पण तोच होता.

काकींनी मला आधी पाहिले. "आला का वामन? बस. दूध घे," त्या काहीच न घडल्यासारखे म्हणाल्या. मास्तर वळले.

"मास्तर, तुम्ही बोलता?"

"बोलतो."

"केव्हापासून?"

"संक्रांतीपासून."

दोन महिने झाले होते. आम्ही त्यांच्यासाठी हळहळत होतो. दौलत तर महादेवाला नारळाचा नवस बोलला होता. "म्हणजे आम्हाला फसवलंत," मी म्हणालो. आयुष्यात मी मोठ्या माणसाशी असा बोललो नव्हतो.

"हो, फसवलं."

"परीक्षेला पाठ द्यायला सांगतील. नाही बोललात तर काढून टाकतील."

"काढतीन बहुतेक."

"मी बी हेच सांगून राहिली याईले," काकी म्हणाल्या. "आयकते का कोनाचं? त्या खुर्चीवर येक दिवस बसले नाई, अन् उठवाले लोक येऊन राहिले!"

मास्तरांनी बैल थांबवले आणि धावेच्या काठावर बसले. "तू मले सांग, वामन. ज्येष्ठात तू येखाद्या गावात येकटा जाशीन. पोट्ट्यानं काही इचारलं, तुले नाई आलं. मंग कोनाकडे पायशीन?"

मी नाड्याची गाठ चाचपू लागलो.

"आता तुमी येकमेकाईकडे पाहून राहिले. भितीकडे पायता, दोराकडे पायता. मी तोंड उघडलं का साऱ्याईच्या माना माह्याकडे वळतीन. अन् मले ते लय आवडते रे. मले सांगाले आवडते. पंधरा वर्सं तेच केलं. येकडाव सुरू झालो का मी थांबनार नाई, मले माहीत हाय." ते उठले. "कोनाले सांगू नको. नाडा तथी ठेव."

हे गुपित मी वैशाखापर्यंत बाळगले. सोपे गेले नाही. त्यांना वर्गात भिंतीशी उभे पाहिले की वाटे, उठून सगळ्यांना सांगून टाकावे, म्हणजे त्यांना बोलावेच लागेल आणि जागा राहील. एकदा दौलतला बोलावून बाजूला नेलेही. मग काही तरी भलतेच विचारले आणि परत आलो.

परीक्षेला तपासनीस आले ते पुण्याकडचे. बैलांच्या दमणीतून उतरतानाच त्यांच्या काळ्या अंगरख्यावर कापूस बसू लागला. तो ते एकेक तंतू चिमटीत धरून काढत राहिले. बोलणे मृदू आणि स्वच्छ होते. आमच्या बोलण्याने ते मधूनमधून दचकत. वाचन झाले, लेखन झाले, तोंडी हिशेब झाले. मग त्यांनी दौलतला विचारले, "या वखारीच्या विहिरीत आज किती मोटा पाणी असेल?"

"मले येत नाई," दौलत म्हणाला.

"येत नाही? म्हणजे शिकवलेले नाही?"

"नाई शिकवलं. काढून देतो ना घडीभरात. तुमी बसा."

तपासनिसांनी बसायला जागा शोधली. मास्तरांनी हजेरीचे पुस्तक उचलून खुर्ची पुढे केली. सरकार बसले. दौलत तिघांना घेऊन गेला, दोराला दगड बांधून विहिरीत सोडला, वरून रुंदी घेतली, मोटेत किती घागरी मावतात ते घागरीने मोजले. परत येऊन आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "धा-पाच मोटा इकडं तिकडं धरा. बूड सपाट नाई." तपासनिसांनी बराच वेळ काही तरी लिहिले.

"आता शिक्षकांनी एक पाठ द्यावा," ते म्हणाले.

गल्लीतली मुले समोर बसली होती. आम्ही आठ जण खाली पाहत होतो. दौलतचे ओठ हलत होते. बहुधा नवस पुन्हा बोलत होता. माझ्या तोंडात शब्द आले होते. मास्तर बोलू शकतात, एवढे तीनच शब्द. मी अर्धा उठलो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, दोन पावले पुढे आले, आणि हातातला खडू माझ्यापुढे धरला.

मी खडू घेतला. मुलांसमोर उभा राहिलो. पाठ होते तेवढे सगळे मला म्हणता आले असते. मी विचारले, "एकोणतीस साते किती ते विसरलात, आणि सांगायला कोणी नाही. मग काय कराल?" आणि गप्प बसलो. कोणी बोलेना. तपासनिसांनी घड्याळ काढून पाहिले. मी तोंड उघडले नाही. शेवटी मागच्या ओळीतला एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "तीस साते त येते ना तुले? दोनशे धा. त्यातून येक सात काढ." शेजारी म्हणाला, "अबे, मंग अठ्ठावीस साते बी येते!" आणि सगळी रांग बोलू लागली. कोणी घसा खाकरला नाही.

तपासनिसांनी निकाल तिथेच सांगितला. नऊही जणांना शाळा मिळाव्यात अशी शिफारस ते करणार होते. मग ते मास्तरांकडे वळले आणि खरोखरच वाईट वाटून म्हणाले, "आपल्याविषयी मात्र माझा नाइलाज आहे. शिक्षकाला वाचा हवी." मास्तरांनी हात जोडले.

दमणी गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत मास्तर दारात उभे होते. मग आत आले, पागोटे काढले आणि मोठ्याने म्हणाले, "चाला जेवाले. तुमच्या काकीनं पुरनाच्या पोळ्या केल्या."

मग दौलत किंचाळला, "अबे मास्तर बोलले!" त्याला वाटले, नवस आत्ताच फळला. तो दमणीमागे धावायला निघाला. "थांबवतो त्याईले! वाचा आली म्हणतो!"

"बस खाली," मास्तर म्हणाले. "संक्रांतीपासून आली."

दौलत जेवणाच्या पंगतीत बसल्यावरही त्यांच्याशी बोलला नाही. चौथ्या पोळीला बोलला. "मास्तर, येक गोष्ट चुकली तुमची," म्हणाला, "माहा नारळ वाया घालवला तुमी."

निघण्याच्या दिवशी मी त्यांना विचारले, तपासनिसांसमोर एक वाक्य बोलला असता तर काय बिघडले असते? आम्ही तोवर तयार झालोच होतो.

"बोललो असतो त तो पाठ माहा झाला असता," ते म्हणाले. "तुमी नऊ जन मंग खाली बसले असते." मग म्हणाले, "जागा गेल्याचं वाईट वाटते, नाई वाटत असं नाई. लय वाटते."

माझी वही त्यांनी पेटीतून काढून दिली. निम्मी पाने नव्हती. काकींनी त्यांत मेथीचे आणि वांग्याचे बी बांधले होते.

त्यानंतर मास्तर मळ्यातच राहिले. वर्गावर दुसरे शिक्षक आले. मला अमरावतीच्या पुढे, रिद्धपूरच्या वाटेवरचे एक गाव मिळाले. पहिल्या वर्षी मी त्यांना बरीच पत्रे लिहिली. उत्तरात ते प्रश्न लिहून पाठवत. हळूहळू माझी पत्रे कमी झाली. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

कापसाचा तो भाव उतरला. वखारी रिकाम्या मिळू लागल्या. अकोल्याला आगगाडी आली. दोन वर्षांपूर्वी चैत्रात मी पाटलाकडे शाळेच्या छपराचे बोलायला गेलो होतो. परत आलो तर मुले गावाचा नकाशा काढण्यात गुंतली होती. एकजण मान वर न करता म्हणाला, "मास्तर, येक म्हातारा आला होता. संग बाई होती. रिद्धपूरले चालले म्हने."

"काय म्हणाला?"

"तुमचे मास्तर कुठी गेले म्हने. मी म्हटलं, बाहेर गेले, काम असन त आमाले सांगा. मंग तो तथी बसला, दाराशी. लय वेळ. आमी काम करून राहिलो होतो." मुलगा रेघ ओढता ओढता थांबला. "उठताना म्हने, मास्तरले सांगू नका. अन् मीच आता तुमाले सांगून बसलो."

मी बाहेर धावलो. गाडी ओढा उतरून पलीकडच्या चढाला लागली होती. मागच्या बाजूला मास्तर बसले होते, पाय खाली सोडून, तोंड माझ्याकडे. मी हात केला. उन्हे डोळ्यांवर होती, त्यांना दिसलो की नाही कोण जाणे. ते काकींशी काही तरी बोलत होते, हातवारे करून. माझ्यापर्यंत शब्द पोहोचत नव्हते. मग गाडी चढ चढून पलीकडे उतरली.

गेल्या पौषात ते तापाने गेले. काकींनी दौलतला निरोप पाठवला आणि दौलतने मला. मी गेलो तेव्हा तेरावे होऊन गेले होते.

आमच्या नऊ शाळांपैकी एक पटकीच्या साथीत बंद पडली. आठ चालू आहेत. त्या आठ गावांत आबाजी मास्तरांचे नाव कोणत्याही मुलाला माहीत नाही.